नवऱ्याला हाक मारणारी कढई

आमच्या घरात भांडी धुवायचं मशीन आहे, आणि चोवीस वर्षांत ते एकदाही चाललेलं नाही. बुडापेस्टच्या कोबान्या भागातला हा फ्लॅट आईबाबांनी घेतला तेव्हा आधीच्या मालकाने ते ओट्याखाली तसंच सोडलं होतं. आईने पहिल्या दिवशी त्याचं दार उघडलं, वाकून आत पाहिलं, जाळीच्या कप्प्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती छान कपाट आहे." तेव्हापासून वरच्या कप्प्यात हाताने धुतलेल्या वाट्या निथळतात आणि खालच्या कप्प्यात मश्रूमच्या बरण्या नि पिशव्यांची पिशवी असते. पिशव्यांची पिशवी म्हणजे एका मोठ्या पिशवीत कोंबलेल्या, धुऊन, वाळवून, त्रिकोणी घड्या घातलेल्या दोनेकशे पिशव्या. त्यातली एक कोणाला देताना आई आधी माणूस बघते. भारी दुकानाची पिशवी भारी माणसाला. मला अजून औषधाच्या दुकानाच्या पिशवीच्या वर चढता आलेलं नाही.

आईचं नाव झान सूचिन. बुडापेस्टमध्ये मात्र ती झुझा. एक्क्याण्णव साली चीनमधल्या चिंगतियानच्या डोंगरातून निघून, सात दिवस गाडीत बसून, ती आणि बाबा इथे उतरले, तेव्हा बाजारातल्या पहिल्या गिऱ्हाइकाने तिला नाव विचारलं. तीनदा ऐकूनही त्याला ते जमेना, म्हणून तो म्हणाला, "जाऊ दे, झुझा." आईला वाटलं हा भाव करतोय. ती म्हणाली, "नाही परवडत." झुझा हे इथलं बायकांचं नाव आहे हे कळलं तोवर ते चिकटलं होतं. तेव्हापासून ती घरात घालायच्या सपाता विकते, आधी खोक्यावर मांडून आणि आता दुकानात. आमच्या इमारतीत दहा मजले आहेत, आणि रविवारी सकाळी जिन्यात उभं राहिलं तर दर दुसऱ्या पायात आईची सपात दिसते.

मी यालान. वय त्या वेळी सत्तावीस, चष्म्याच्या दुकानात नोकरी, लग्न नाही, म्हणून मुक्काम आईबाबांकडेच. लहानपणी आईबाबा पहाटे बाजारात जायचे आणि मला शेजारच्या दारात सोडायचे. त्या दारात एतेल्का नेनी राहायची. इथे वयस्क बाईला नेनी म्हणतात आणि वयस्क पुरुषाला बाची. माझं हंगेरियन तिच्याकडून आलंय, त्यामुळे माझ्या वयाच्या हंगेरियन मुली मला म्हणतात की तू बोलतेस तेव्हा आमची आजी फोनवर आल्यासारखं वाटतं.

आई आणि नेनी यांना एकमेकींची भाषा कधी नीट आली नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही. नेनीच्या मते माणूस वाऱ्याच्या झोताने मरतो. आईच्या मते थंड पाण्याने. दोघींनी मिळून मला बंद खिडकीत गरम पाणी पाजून वाढवलं.

नेनी दर बुधवारी वस्तीतल्या सांस्कृतिक केंद्रात विणकामाला जाते. तिथे दोरोत्या नावाची एक नवी मुलगी लागली होती. कोबान्यातल्या चिनी कुटुंबांच्या घरगुती सवयींवर तिला एक पुस्तिका काढायची होती, पण एकही कुटुंब तिला दारात उभं करायला तयार नव्हतं. नेनीने लोकरीच्या गुंड्यावरून मान वर न करता सांगून टाकलं, "आमच्या झुझाकडे ये. शनिवारी. तीन वाजता." आम्हाला हे शुक्रवारी कळलं.

आईचा चेहरा पडला. "घरात येणार? आत?"

"घरातल्या सवयींबद्दल विचारणार आहे ती. मग काय जिन्यात विचारेल?"

"तिला काय बघायचं असतं ते मला ठाऊक आहे," आई म्हणाली. "परत जाऊन सांगणार, चिनी बाई रिमोटला प्लॅस्टिक गुंडाळते."

"पण तू गुंडाळतेसच."

"म्हणून काय तिने बघायचं?"

त्या रात्रीपर्यंत घराची अशी काही उलथापालथ झाली की बाबा दुकानातून आल्यावर परत बाहेर जाऊन दारावरचा नंबर बघून आले. रिमोटचं प्लॅस्टिक निघालं. ओव्हनमध्ये राहणाऱ्या कढया आणि उकडीच्या चाळण्या पलंगाखाली गेल्या. सॉसच्या फुकट पुड्यांनी भरलेला खण, गरम पाण्याचा थर्मास, बिस्किटांचा म्हणून पाहुणे उघडतात तो सुईदोऱ्याचा डबा, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांची उतरंड, दुकानात फुकट मिळालेली तीन कॅलेंडरं, सगळं भांड्यांच्या मशीनमध्ये कोंबून दार गुडघ्याने बंद केलं. गॅलरीत वाळत टांगलेलं बदक उतरलं. या बदकाची चौथ्या मजल्यावर फार चर्चा असे. ते कबुतर आहे असं तिथल्या एका बाईंचं ठाम मत होतं, आणि आई जिन्यात त्या दिसल्या की मुद्दाम आभाळाकडे बघून ओठांवरून जीभ फिरवायची.

रिकाम्या झालेल्या जागा नेनीच्या सामानाने भरल्या. तिने क्रोशाचे रुमाल दिले, चिनीमातीचा एक मेंढपाळ दिला, भिंतीवर लावायला सूर्यफुलांची थाळी दिली. शनिवारी दुपारी आमची बैठकीची खोली तंतोतंत नेनीची झाली होती. नेनी आत येऊन सवयीने आपला चष्मा शोधायला लागली.

"मी बोलणार नाही," आईने मला बजावलं. "मला भाषा येत नाही. तू सांगशील."

"तू तीस वर्षं इथे धंदा करतेस. तुला येते."

"दुभाषी असला की विचार करायला वेळ मिळतो."

दोरोत्या आली. तिशीच्या आतली, किडकिडीत मुलगी, ओल्या छत्रीचं काय करावं हे न कळून ती छातीशी धरून उभी. आईने ती काढून घेतली, पायात सपाता सरकवल्या, आणि मुलीने पाऊल टाकायच्या आत तिचं माप बरोबर ओळखल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसला. मग कॉफी आली. आमच्या घरात कोणी कॉफी पीत नाही. कॉफी, कप आणि ती करायचं यंत्र, तिन्ही नेनीची.

दोरोत्याकडे बेचाळीस प्रश्नांचा कागद होता. तिने घसा साफ केला. "तुम्ही प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन परत वापरता का?"

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणावं, छे. आम्ही फेकून देतो."

बाबांना आई म्हणाली होती की आतल्या खोलीत बसा आणि खाकरू नका. आतून खाकरल्याचा आवाज आला.

"भांडी धुवायचं मशीन वापरता?"

"रोज," आई म्हणाली. "दोनदा."

"जेवणाबरोबर गरम पाणी पिता?"

"कॉफी पितो म्हणावं."

"घरातल्या वस्तू, म्हणजे सोफा, रिमोट वगैरे, प्लॅस्टिकने झाकता?"

आईने नुसता रिमोट उचलला आणि उघड्या बटणांवरून बोट फिरवून दाखवलं. नेनीने कौतुकाने मान डोलावली.

असे तीस प्रश्न गेले. एकतिसावा होता, "तुमचं मुलीवर प्रेम आहे हे तुम्ही तिला शब्दांत सांगता का?"

हा प्रश्न चिनी भाषेत विचारायला मला दोनदा सुरुवात करावी लागली. तो वाक्प्रयोग मी आईसमोर आयुष्यात कधी केला नव्हता. आईने ऐकून घेतलं आणि डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली, "रोज. सकाळी एकदा आणि झोपताना एकदा."

मी तसंच सांगितलं. माझे कान लाल झाले असावेत, कारण दोरोत्याने माझ्याकडे प्रेमाने बघितलं.

बेचाळिसावा प्रश्न संपला तेव्हा तिच्या वहीचं पान जवळपास कोरं होतं. पेनाला टोपण लावत ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही अगदी आमच्यासारख्याच आहात. छानच आहे." पण ते छान तिने अशा आवाजात म्हटलं, जसं दुकानात सगळी मापं घालून बघून शेवटी काहीच न घेता निघणारं गिऱ्हाईक म्हणतं. हा आवाज आई झोपेतही ओळखते.

"काय झालं हिला?" आईने मला हळूच विचारलं.

"तिला लिहायला काही मिळालं नाही."

"तासभर बसली आणि रिकाम्या हाताने जाणार? माझ्या घरातून?"

"तूच सगळं नाही म्हणालीस."

आई आता फार मोठ्या पेचात होती. खरं द्यायची लाज वाटत होती आणि काही न देता पाहुणा पाठवणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने खोलीभर नजर फिरवली. मेंढपाळ, सूर्यफुलं, रुमाल. सगळं नेनीचं. मग तिची नजर माझ्यावर येऊन थांबली, आणि सत्तावीस वर्षांच्या अनुभवाने मला कळलं की आता माझं काही खरं नाही.

"तिला सांग," आई म्हणाली, "आमच्या गावात एक रीत आहे. घरात लग्नाच्या वयाची मुलगी असेल आणि ती काही केल्या ऐकत नसेल, तर हिवाळा सरला की पहिल्या उन्हाच्या रविवारी घरातली सगळ्यात मोठी कढई गॅलरीत टांगायची. आणि शेजारणीने ती पळीने तीनदा वाजवायची."

"कशाला?"

"नवऱ्याला ऐकू जायला. कुठे असेल तिथून येतो."

"आपल्या गावात असलं काही नाही."

"तू गेली आहेस का हिवाळ्यात? सांग तिला."

"मी सांगणार नाही."

"सांग."

"नाही."

आईने माझा नाद सोडला, खुर्ची पुढे ओढली आणि थेट आपल्या बाजारातल्या हंगेरियनमध्ये सुरू केलं. तिच्या त्या भाषेत प्रत्यय नसतात, काळ नसतात. फक्त माल असतो. "मुलगी सत्तावीस. नवरा नाही. वसंत येतो, आम्ही कढई मारतो."

दोरोत्याच्या पेनाचं टोपण निघालं. "कोणाला मारता?"

"कढई. पळी मारतो. तीन. शेजारीण मारतो. नवरा ऐकतो, येतो."

"शेजारीणच का?"

आईने टेबलावरचा क्रोशाचा रुमाल सरळ केला. "आई मारतो, नवरा पळतो. आई आवाज, घाबरतो. शेजारीण चांगला."

दोरोत्या झपाझप लिहीत होती. तिने नेनीकडे पाहिलं. "तुम्ही हे कधी पाहिलंय?"

एतेल्का नेनी नियमाने चर्चमध्ये जाते. मी पाच वर्षांची असताना साखरेबद्दल थाप मारली म्हणून तिने मला कोपऱ्यात उभं केलं होतं. तिने कॉफीचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "पाहिलंय काय? मीच वाजवते. दर वर्षी."

महिनाभराने पुस्तिका आली. इतर सगळ्या वस्तीला मिळून एक पान आणि आमच्या कढईला अडीच. वर आईचा फोटो, कढई ढालीसारखी छातीशी. खाली लिहिलं होतं की मार्चच्या पहिल्या उन्हाच्या रविवारी ही जुनी प्रथा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत प्रत्यक्ष पाहता येईल आणि सर्वांना आमंत्रण आहे. हे आमंत्रण कोणी दिलं याचा तपास लागला नाही. नेनी त्या आठवड्यात कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हती.

इमारतीत माझं जिणं कठीण झालं. लिफ्टमध्ये अनोळखी बायका माझा दंड दाबून "येईल गं, येईल" म्हणायच्या. चष्म्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाने वाचायची पाटी वाचता वाचता विचारलं, "कढईवाली मुलगी तुम्हीच ना?" बाबांनी सगळ्यातून अंग काढून घेतलं. ते एवढंच म्हणाले, "लानची आई, तू एकदा सीमेवरच्या पोलिसालाही सपाता विकल्या होत्यास. मी तेव्हाही काही बोललो नव्हतो."

खरी धास्ती होती ती श्यू अध्यक्षांची. ते इथल्या चिंगतियानकरांच्या मंडळाचे अध्यक्ष. अतिशय सभ्य, आवाज कधी न चढवणारा, आणि म्हणूनच सगळे घाबरायचे असा माणूस. फेब्रुवारीत ते स्वतः आमच्याकडे आले. खिशातून पुस्तिका काढली, चष्मा लावला, अडीच पानं आमच्या देखत पुन्हा वाचली. आईने चहा ओतला.

"सूचिन, हे काय आहे?"

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. आई अगदी नम्र आवाजात म्हणाली, "अध्यक्ष, आमचं गाव आपलं डोंगरातलं, चाळीस उंबऱ्यांचं. आमच्याकडे जे चालतं ते मी सांगितलं. तुमचं गाव मोठं, नदीकाठचं. तुमच्याकडे अशा जुन्या रीती टिकल्या नसतील, हे माझ्या लक्षातच आलं नाही. चुकलंच माझं."

श्यू अध्यक्षांनी चहाचा पेला उचलला. फुंकर मारली. परत ठेवला.

"टिकल्या नाहीत कशा," ते म्हणाले. "आमच्याकडेही वाजवतात."

"हो का?"

"तीनदा मात्र नाही. तीन म्हणजे फारच कमी. आमच्या गावात आठ वेळा वाजवतात." पेला रिकामा करून ते उठले आणि दारात सपाता काढताना पुढे म्हणाले, "आणि कढई पितळी हवी. पण ठीक आहे, तुमचं गाव लहान."

ते गेल्यावर आईने त्यांचा रिकामा पेला उचलला. "बघ," ती म्हणाली, "किती जुनी रीत आहे."

मार्चचा दुसरा रविवार उन्हाचा निघाला. आईने पहाटेपासून अळकुड्या आणि रताळ्याच्या पिठाच्या उकडीच्या करंज्या वळल्या होत्या, आत डुकराचं मांस, मुळा आणि टोफू. दोनशे झाल्यावर तिने मोजणं सोडलं. खाली आवारात चाळीसएक माणसं जमली, वरच्या नि खालच्या गॅलऱ्या भरल्या. मंडळाचे लोक बरे कपडे घालून आले. दोरोत्या कॅमेरा घेऊन आली. चौथ्या मजल्यावरच्या कबुतरवाल्या बाई कठड्यावरून इतक्या वाकल्या होत्या की नेनी त्यांना वाऱ्याच्या झोतावरून ओरडली.

मला आईने लाल स्वेटर घालायला लावून कढईच्या शेजारी उभं केलं होतं. "जरा हस," ती म्हणाली. "ऐकू येऊन वर बघेल आणि हे तोंड दिसेल."

नेनीने पळी उचलली. पहिल्या ठोक्याला आवारातली कबुतरं उडाली. दुसऱ्याला टाळ्या पडल्या. तिसऱ्यानंतर श्यू अध्यक्ष पुढे आले, नेनीच्या हातातून पळी अदबीने घेतली आणि उरलेले पाच स्वतः वाजवले. तोवर वरच्या मजल्यांवरूनही भांडी वाजायला लागली होती. ज्यांच्या मुली नव्हत्या त्यांनी मुलांसाठी वाजवलं. सातव्या मजल्यावरच्या एका घटस्फोटित बाईंनी कोणाचं नाव न घेता फार जोरात वाजवलं.

आणि या गदारोळात आमच्या दारावर धडाधड थापा पडल्या. मी दार उघडलं. बाहेर पहिल्या मजल्यावरचे काल्मान बाची उभे होते. जन्मभर ट्राम चालवलेला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा विधुर, केस उभे, सदऱ्याचं एक टोक बाहेर, पायात आईच्या दुकानातल्या निळ्या सपाता.

"कोण मेलं?" ते म्हणाले. "मी झोपलो होतो."

माझ्या मागून बाबांचा आवाज आला. त्या दिवशी ते प्रथमच बोलत होते. "नवरा आला," त्यांनी गॅलरीकडे तोंड करून शांतपणे जाहीर केलं.

इमारत किती वेळ हसत होती ते सांगता येणार नाही. आवारात एक माणूस जमिनीवर बसला होता. काल्मान बाचींना काही कळेना आणि ते चिडणार एवढ्यात आईने त्यांच्या हातात करंज्यांची थाळी ठेवली. "जेवतो का? नाही? खातो." त्यांनी एक तोंडात टाकली, मग दुसरी, आणि मग बसायला खुर्ची शोधली. रिकामी खुर्ची नेनीच्या शेजारची होती.

माणसं पांगेपर्यंत चार वाजले. ओट्यावर थाळ्यांचा डोंगर झाला होता. मी गॅलरी झाडत होते, आई निरोपाच्या पिशव्या भरत होती, आणि दोरोत्या मदत करायची म्हणून बाह्या वर करून स्वयंपाकघरात गेली. रोज दोनदा चालणारं मशीन तिने उघडलं.

आधी पिशव्यांची पिशवी बाहेर पडली. मग आइस्क्रीमचे डबे, मग थर्मास गडगडत टेबलाखाली गेला, आणि सॉसच्या पुड्या तर पाणी सांडावं तशा फरशीभर पसरल्या. त्या शनिवारनंतर आईने काही बाहेर काढलंच नव्हतं. पाहुणी परत आली तर, म्हणून. आम्ही दारात पोचलो तेव्हा दोरोत्या गुडघ्यांवर बसली होती, हातात रिमोटच्या मापाचं प्लॅस्टिक.

"मशीन खराब," आई म्हणाली.

"कधीपासून?"

आईने विचार केला. "चोवीस वर्ष."

दोरोत्याने त्रिकोणी घडीची एक पिशवी उलगडली, परत घातली, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटत गेलं. "आणि कढई?" ती म्हणाली. "तेही असंच का?"

आई तिच्यासमोर फरशीवर बसली. "कढई खरा," ती म्हणाली. "शेजारीण खरा. मुलगी नवरा नाही, खरा. आवाज, तू ऐकतो. बाकी…" तिने बोटाचं टोक दाखवलं. "बाकी थोडा."

मला वाटलं होतं दोरोत्या हसेल. ती रडायला लागली. हजार प्रती छापल्या होत्या. केंद्रातल्या मोठ्या बाईंनी तिचं आयुष्यात पहिल्यांदा कौतुक केलं होतं. पुढच्या महिन्यात तिला नोकरीत कायम करणार होते. आईने हे सगळं ऐकलं, माझ्या भाषांतराची वाट न बघता. मग उठली, एक नासपती धुतली, सोलली, फोडी केल्या, त्यांना काडी टोचली आणि थाळी दोरोत्याच्या मांडीवर ठेवली. आमच्या घरात चूक कबूल करायची दुसरी पद्धत नाही. मला स्वतःला आजवर अशा वीसेक थाळ्या मिळाल्या असतील, त्यातली सगळ्यात मोठी बारावीच्या वर्षी माझी डायरी वाचल्याबद्दल.

"मी आता काय करू?" दोरोत्या फोड चावत म्हणाली.

एतेल्का नेनी खुर्चीतून बोलली. "काही नको करूस. माझी सासू मला घराण्याच्या रीती शिकवायची. ती गेल्यावर नणंदेला विचारलं तर निम्म्या तिनेही कधी ऐकल्या नव्हत्या. मी चाळीस वर्षं पाळल्या. काय बिघडलं?"

"पण मी खऱ्या सवयी लिहायला आले होते."

"मग आता लिही," मी म्हणाले. "सगळ्या तुझ्या मांडीभोवती पडल्यात."

तिने खरंच वही काढली. फरशीवर बसूनच सगळे प्रश्न पुन्हा झाले, आणि या वेळी आईने एकेक वस्तू हातात घेऊन उत्तरं दिली, थोड्या तोऱ्यातच. पिशवी कशी वाळवायची, थंड पाण्याने पोटात काय होतं, सॉसच्या पुड्या कोणत्या दुकानात मागाव्या लागत नाहीत. काल्मान बाची म्हणाले की पिशव्या त्यांच्याकडेही आहेत, पण त्यांना घडी घालायचं सुचलं नव्हतं. आईने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. एकतिसावा प्रश्न आला तेव्हा दोरोत्याने माझ्याकडे बघून तो गाळायची तयारी केली, पण आईला आठवत होता.

"ते नाही सांगत," ती मला चिनीत म्हणाली. "असलं बोलायला मी काय मरायला टेकलेय? आत्ता सांगितलं तर तू घाबरून मला डॉक्टरकडे नेशील. सांग तिला, शब्द न शब्द."

मी शब्द न शब्द सांगितलं.

दोरोत्याने पुस्तिका मागे घेतली नाही. पुढच्या आवृत्तीत तिने खऱ्या सवयींची सहा पानं घातली. कढईची अडीच तशीच ठेवून त्यांच्या वर 'आमच्या इमारतीतली प्रथा' असं मथळ्यात लिहिलं, जे तोवर खरंच होतं. तिला कायम केलं. त्या वर्षी मी मात्र घर सोडलं. लग्न न करता, दोन ट्रामथांबे पलीकडे, एका खोलीत. आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी अकरा पिशव्या घेऊन दारात उभी राहिली आणि माझी खिडकी बंद करून गेली. काल्मान बाचींनी आपला रेडिओ एतेल्का नेनीच्या स्वयंपाकघरात हलवला, मग खुर्ची, मग दाढीचं सामान. लग्न केलं नाही. नेनी म्हणते या वयात कागद कशाला. आईचं म्हणणं, कढईने आपलं काम चोख केलं, पत्ता जरा एक दार चुकला.

यंदा तिसरं वर्ष. आता आवारातच वाजवतात, आमची आणि शेजारची अशा दोन्ही इमारती मिळून. नेनीचे गुडघे दुखतात म्हणून ती वरून बघते, आणि यंदा आठव्या मजल्यावरच्या कोणा मुलीसाठी शेजारीण म्हणून पळी आईकडे आली. आईने ती उचलली तोच समोर बसलेल्या पोरांतली एक सहा-सात वर्षांची हंगेरियन मुलगी उठली.

"झुझा नेनी, तुम्ही चुकताय," ती म्हणाली. "डाव्या हाताने वाजवायचं असतं."

पहिल्या वर्षी नेनीचा उजवा खांदा धरला होता. म्हणून तिने डाव्या हाताने वाजवलं, एवढंच, पण दोरोत्याच्या फोटोत पळी डाव्या हातात आली होती.

"कोण सांगतो?" आईने विचारलं.

"शाळेत सांगितलं. चिनी लोक पहिल्यापासून असंच करतात."

आईने माझ्याकडे पाहिलं, श्यू अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष आभाळाकडे बघत होते. मग तिने मुलीला वाकून "बरं" म्हटलं आणि पळी डाव्या हातात घेतली.